डिस्कवर अजून काही लिहिलेलं नाही

कडोलीच्या दूध सोसायटीत माउस उंदरानं खाल्लाय.
म्हणजे त्याची वायर. लुमाण्णा मुतगेकर हे
दोनदा सांगतात, मला हसू येतंय का बघत.
हसले. पेन ड्राइव्ह खोचला, एफ-बारा टकटकवत राहिले.
काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी पळाल्या
शाळा सुटल्यासारख्या,
आणि मग एक करडी चौकट. गप्प.

माउसबिगर चालायचं म्हणजे एवढंच :
बाण वर, बाण खाली,
टॅबनं या खणातून त्या खणात,
स्पेसनं खूण, एंटरनं होकार.
जी ओळ रंगली, तिथं आपण उभे.
चुकलंच, तर खाली कोपऱ्यात ‘मागे जा’.

पहिलाच प्रश्न भाषेचा.
लुमाण्णांची खुर्ची करकरली. “हितंबी?”
यादीत कन्नड वर, मराठी बरीच खाली,
ज्याची त्याची लिपी ज्याच्या त्याच्या नावापुढं,
आणि दोघींच्या मधे कझाक, कोरियन, लिथुआनियन,
कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात मात्र आहेत.
“रिपोर्ट तालुक्याला कन्नडातनं जातोय,” ते म्हणाले,
“म्हशीवाले निम्म्यावर आपले. आणि ती इरव्वा,
दोन्ही बोलते, वाचत एकबी नाही.”
मी मराठीवर एंटर दाबलं.
“कन्नडचा कीबोर्ड नंतर घालते.
ऑल्ट-शिफ्ट दाबलं की पलीकडं.”
“मधे नाका नाही?”
“नाही.”

घड्याळ कुठलं, तर आशिया, कोलकाता.
त्यांनी मांडीवर थाप मारली :
“मुंबई नाही, बेंगळूर नाही!
आम्ही भांडूलालो, आणि वेळ नेली बंगाल्यांनी.”

यंत्राला नाव हवं. छोटी रोमन अक्षरं, मधे जागा नको.
नातवाच्या बारशालाही एवढा विचार केला नसेल.
“चांदी,” म्हणाले शेवटी. सोसायटीच्या पहिल्या दिवशी
पहिलं दूध जिचं पडलं, ती म्हैस.
मग पासवर्ड, एका बोटानं, दोन वेळा.
तोवर मी भिंतीवरचं दरपत्रक वाचत राहिले,
फॅट साडेसहाला किती, सातला किती,
ठिपके मोजले जाऊ नयेत म्हणून.

आणि मग डिस्कची वाटणी.
‘संपूर्ण डिस्क वापरा’, हे सगळ्यात वर, सगळ्यात सोपं.
मी बाणानं खाली उतरले, ‘हातानं’पाशी.
कारण जुन्या भागात भावकू क्लार्कचे हिशेब आहेत,
आणि त्यांत भरमव्वा अजून रोज सकाळी
अडीच लिटर घालते.
गेल्या शिमग्यात तिला पोचवून आलो, लुमाण्णा म्हणाले.
तो भाग तसाच ठेवला. नव्याला रिकाम्या जागेत बसवलं.

शेवटी ते पान आलं :
हे बदल डिस्कवर लिहायचे का?
होय. नाही.
खूण आधीपासूनच ‘नाही’वर.

मी त्यांना समजावलं : इथवर सगळं तोंडी होतं.
भाषा, वेळ, भिंती कुठं घालायच्या ते.
आत्ता वायर उपटली तर डिस्क कालच्यासारखीच.
“मग तासभर आपण काय करूलालो?”
“ठरवूलालो.”
ते बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.
“असलं पान आम्ही लई वर्षं बघितलंय,” म्हणाले,
आणि पुढं काहीच बोलले नाहीत.
इथून ‘मागे जा’ नाही, हे मी सांगितलं नाही.
त्यांनीच मान हलवली. दाबलं.

पट्टी सरकू लागली. तेहेतीस टक्क्यांवर लाईट गेली,
यूपीएस कोकलायला लागला,
कुणीच जागचं हललं नाही, जणू हललो तर सांडेल.
दारात किटली आपटली. इरव्वा.
पडद्याकडं हनुवटी करून तिनं विचारलं, “आतेन?”
माझं कन्नड बसच्या तिकिटापुरतं.
तरी म्हणाले, “इन्नू स्वल्प,
अजून थोडं राहिलंय.”
तिनं किटली खाली ठेवली
आणि उंबऱ्यावरच बसली.